नवोदयचा निकाल आणि अपिलाची वाट

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘निकाल’ हा विषय दिला. निवडणुकांचे निकाल आहेत, कोर्टाचे आहेत, दहावी-बारावीचे तर आहेतच, आणि त्यांवर लिहिणारेही पुष्कळ आहेत. मला आठवला तो पाचवीतल्या पोरांचा एक निकाल. पेपरात त्याची बातमी चार ओळींची येते, पण गावागावांत पुढं कितीतरी दिवस दुसरा विषय नसतो. सांगली जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय पलूसला आहे, म्हणून पलूस गाठलं.

मिरजेहून पुण्याकडे निघालेली गाडी भिलवडी मागे टाकून किर्लोस्करवाडीला थांबते. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या उजाड माळावर इथं कारखाना उभा केला. जवळच्या कुंडलला बेचाळीसच्या चळवळीत प्रतिसरकारचं ठाणं होतं. खाली कृष्णाकाठी औदुंबर, अंकलखोप, भिलवडी. ऊस आणि द्राक्षं. पैसा आला तसा गेल्याचंही ह्या गावांनी पाहिलं आहे. २०१९ च्या महापुराचं नाव काढलं की आजही माणसं गप्प होतात. अशा मुलखात शिक्षणाकडे चैन म्हणून कुणी बघत नाही. पोरगं शिकलं तरच घर वर येतं, हा इथला अनुभव आहे.

नवोदयची ओढ त्यातूनच येते. सहावी ते बारावी सात वर्षं राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारकडून. अभ्यासक्रम सीबीएसईचा. नववीपासून काही मुलांना महिन्याला ६०० रुपये विद्यालय विकास निधी भरावा लागतो; सरकारी नोकरांच्या मुलांना तो जास्त असतो. मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतली मुलं ह्यांना तोही माफ. एखाद्या खासगी निवासी शाळेच्या वर्षाच्या फीचा आकडा ऐकून घरी आलेल्या दोन एकरवाल्या शेतकऱ्याला हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

यादी लागते तेव्हा त्यात मोजकीच नावं असतात. बाकीच्या घरांत संध्याकाळपर्यंत एक प्रश्न फिरायला लागतो: ह्यावर अपील करता येतं का?

ऐंशी जागांची वाटणी

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही शाळा घडली. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांना, घरची ऐपत काहीही असो, उत्तम शिक्षण मिळावं, आणि जिल्ह्याला अशी एक शाळा असावी, अशी ती कल्पना. पहिल्या दोन शाळा १९८५-८६ मध्ये निघाल्या: एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला. आज देशभरात साडेसहाशेहून जास्त शाळा मंजूर आहेत. साताऱ्याची खावलीला आहे, कोल्हापूरची कागलला, सोलापूरची पोखरापूरला आणि सांगलीची पलूसला.

सहावीच्या वर्गात जागा जास्तीत जास्त ८०. सांगली जिल्ह्याचे तालुके १० आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २८ लाख. सरासरी काढली तर तालुक्यामागं आठ पोरं! जतच्या कोरडवाहू टोकापासून शिराळ्याच्या डोंगरापर्यंतची मुलं ह्या ऐंशी जागांसाठी एकाच दिवशी बसतात.

त्या ऐंशी जागाही एका सलग गुणवत्ता यादीतून भरत नाहीत. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांच्या, म्हणजे ६०. एकतृतीयांश मुलींच्या. अनुसूचित जाती-जमातींचं आरक्षण जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, पण देशपातळीवरच्या टक्क्यापेक्षा कमी नाही. ओबीसींना केंद्राच्या यादीप्रमाणे २७ टक्के. शिवाय दिव्यांगांच्या जागा. ह्या सगळ्या अटी एकमेकींत गुंतलेल्या. त्यामुळे ‘कितीला यादी थांबली’ ह्या प्रश्नाला एक उत्तर नसतंच. प्रत्येक गटाची यादी वेगळ्या ठिकाणी थांबते.

पारावरची निम्मी तक्रार इथून निघते. अमक्याच्या पोराला आमच्यापेक्षा कमी पडत होते, सराव परीक्षेत तो कायम मागं असायचा, तो कसा लागला? कुणी म्हणतं वशिला, कुणी म्हणतं पैसे. गट वेगळा असेल तर दोघांची तुलनाच होत नाही, हे त्या क्षणी कुणी ऐकून घेत नाही. आणि एकाच गटात असले, तरी सराव परीक्षा वेगळी आणि खऱ्या परीक्षेतले ते दोन तास वेगळे.

दोन तास आणि एक गोळा

परीक्षा साडेअकराला सुरू होते, दीडला संपते. ८० प्रश्न, १०० गुण. निम्मे प्रश्न मानसिक क्षमता चाचणीचे: चारांतली विसंगत आकृती, अर्धवट आकृती पूर्ण करणं, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, गुंतागुंतीच्या रेषांत लपलेली आकृती कोणती. २० प्रश्न अंकगणिताचे, २० भाषेचे. उतारे वाचून उत्तरं द्यायची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण.

उत्तरं लिहायची नसतात, गोळे रंगवायचे असतात. एका जिल्हा परिषद शाळेत शाळा सुटल्यावर जादा तास चालू होता, तिथं मागच्या बाकावर जाऊन बसलो. गुरुजींनी ओएमआर उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स वाटल्या आणि बॉलपेन काढायला सांगितलं. परीक्षेत पेन्सिल चालत नाही. निळं किंवा काळं बॉलपेनच लागतं, आणि एकदा रंगवलेला गोळा खोडता येत नाही. माझ्या शेजारची मुलगी आकृत्यांत पटाईत होती. बोट हवेत फिरवून ती आकृती मनातच उलटी करायची आणि उत्तर सांगून मोकळी व्हायची. सदतिसावा प्रश्न अवघड वाटला म्हणून तिनं तो सोडला आणि अडतिसाव्याचं उत्तर सदतिसाव्याच्या ओळीत रंगवलं. पुढचे सगळे गोळे एक-एक घर वर सरकले. पन्नासाव्या प्रश्नाशी गुरुजींच्या ते ध्यानात आलं.

“बघ, उत्तरं सगळी बरोबर हायती तुझी. पर मशिनला काय कळणार?” एवढंच ते म्हणाले आणि नवी झेरॉक्स तिच्यापुढं ठेवली.

ते तास संपल्यावर सांगत होते की पाचवीच्या मुलांना गणित शिकवणं सोपं, गोळा शिकवणं अवघड. दहा-अकरा वर्षांच्या पोराच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा असा कागद येतो. आत केंद्रावर ओळखीचं कुणी नसतं. प्रश्न सोडला तर ओळही सोडायची, हे त्याला घरी पाठ असतं, आणि तिथं नेमकं तेच राहून जातं.

अपिलाच्या प्रश्नाशी ह्या गोळ्याचा थेट संबंध आहे. ‘आमच्या पोराला सगळं येत होतं’ हे पालकांचं म्हणणं बहुतेक वेळा खरंच असतं. पण यंत्र येण्याचे गुण देत नाही, रंगवल्याचे देतं.

दार कुठं बंद आहे

पलूसच्या एका चहाच्या गाड्यावर भेटलेले गृहस्थ द्राक्षबागायतदार. मुलगा यादीत नव्हता. निकाल लागला त्या दिवशी त्यांनी पहिला फोन नात्यातल्या वकिलाला केला, दुसरा एका पुढाऱ्याला आणि तिसरा परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीच्या सरांना. वकील म्हणाले, कागद बघून सांगतो. पुढारी म्हणाले, बघू की, पाहुणं, कायतरी करू. अकॅडमीचे सर म्हणाले, फेरतपासणीला टाकू.

ह्या तिघांपैकी कुणी नवोदयचं माहितीपत्रक उघडलं असतं, तर तिसऱ्या फोनची गरज पडली नसती. निकाल संगणकावर पुरेशा खबरदारीनं तयार होतात, गुणांची फेरमोजणी किंवा उत्तरपत्रिकेची फेरतपासणी ह्यासाठीचे अर्ज घेतले जाणार नाहीत, असं त्यात स्वच्छ म्हटलेलं असतं. एकदा परीक्षेला बसलेल्या मुलाला सहावीसाठी पुन्हा बसता येत नाही, हेही त्यातच आहे. अर्ज भरताना हे माहितीपत्रक सगळ्यांच्या मोबाइलवर असतं. वाचलं जातं ते फक्त पात्रता आणि शेवटची तारीख.

दुसऱ्या फोनलाही अर्थ नाही. जिल्हाधिकारी विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असतात, म्हणून लोकांना वाटतं की साहेबांच्या कानावर घातलं की काम होईल. निवड यादी पलूसला तयार होत नाही आणि सांगलीच्या कलेक्टर कचेरीतही होत नाही. ती नवोदय विद्यालय समितीच्या पातळीवर तयार होते आणि इथं फक्त लागते. प्राचार्यांना त्यात नाव घालता येत नाही, तसं काढताही येत नाही. काढता येतं ते एकाच कारणानं, कागदपत्रं खोटी किंवा अपुरी निघाली तर. ‘मी करून देतो’ असं सांगून पैसे मागणारा माणूस त्यामुळे सरळ फसवत असतो. मूल प्रतीक्षा यादीतून पुढं लागलं तर त्यानं ते आपल्या खात्यावर जमा करायचं आणि नाही लागलं तर निम्मे पैसे परत द्यायचे, असा हा धंदा चालतो.

शेजारच्या परीक्षा

पालकांच्या डोक्यात ‘फेरतपासणी’ येते ती हवेतून नव्हे. ह्यांतली बहुतेक मुलं शिष्यवृत्ती परीक्षेलाही बसलेली असतात. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. दोन पेपर, ३०० गुण. पेपर झाल्यावर परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते. एखाद्या प्रश्नाचं उत्तर चुकलं आहे असं वाटलं तर आक्षेप नोंदवता येतो. मग अंतिम उत्तरसूची, मग अंतरिम निकाल. त्यावर गुणपडताळणीचे अर्ज घेतात, आणि त्यानंतर अंतिम निकाल व गुणवत्ता यादी. चूक दुरुस्त करायची जागा ह्या वेळापत्रकातच ठेवलेली आहे.

साताऱ्याच्या सैनिक स्कूलचंही तसंच. देशातलं हे पहिलं सैनिक स्कूल, २३ जून १९६१ ला सुरू झालेलं. त्याची सहावीची प्रवेश परीक्षा आता राष्ट्रीय चाचणी संस्था घेते: १२५ प्रश्न, ३०० गुण. परीक्षेनंतर मुलानं रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची प्रतिमा आणि तात्पुरती उत्तरसूची संकेतस्थळावर येते. फी भरून आक्षेप घेता येतो. आपल्या पोरानं कुठं गोळा चुकवला हे घरबसल्या दिसतं. निकालाचं दुःख कमी होत नाही, पण संशयाला जागा राहत नाही.

एकाच घरातलं एकच मूल ह्या तिन्ही परीक्षांना बसतं. दोन ठिकाणी तक्रारीची रीत लिहून दिलेली आणि तिसऱ्या ठिकाणी, जिथं सात वर्षांचं शिक्षण पणाला लागलेलं, तिथं फेरमोजणीलाही नकार. हे पालकांना पटत नाही, आणि मलाही पटलं नाही.

गुणांवर नव्हे, नियमावर

तरीही सगळीच दारं बंद नाहीत. ह्या विषयातली जुनी माणसं एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: भांडण गुणांचं आहे की नियमाचं, ते आधी ठरवा.

नियमाचं भांडण बहुतेकदा ग्रामीण-शहरी ह्या एका रकान्यावर होतं. ग्रामीण कोट्यासाठी मुलानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण केलेली असावी लागतात. ह्या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत नाव असेल तरी मूल शहरी धरलं जातं. आता गंमत बघा. पलूसला नगरपरिषद आहे. म्हणजे नवोदयच्या गावातल्याच शाळेत शिकणारं पोर शहरी, आणि शेजारच्या कुंडलचं, दुधोंडीचं, भिलवडीचं ग्रामीण. घर मळ्यात, बाप शेतकरी, पण चांगली शाळा म्हणून तिसरीला विट्याला किंवा तासगावला नाव घातलं आणि चौथीला परत गावात आणलं, तरी त्या एका वर्षानं ग्रामीण कोटा गेला. अर्जात ‘ग्रामीण’ लिहून मूल यादीत आलं तर आनंद पडताळणीपर्यंतच टिकतो. शाळेचा दाखला समोर ठेवला की नाव कमी होतं, आणि तिथं पुढारीही काही करू शकत नाही.

उलटही होतं. मूल खरोखर ग्रामीण, पण सायबर कॅफेतल्या पोरानं अर्ज भरताना ‘शहरी’वर टिचकी मारली. किंवा जातीचा प्रवर्ग चुकला. महाराष्ट्रात आपल्याला व्हीजेएनटी, एसबीसी असे रकाने सवयीचे; केंद्राच्या अर्जात ते नसतात. केंद्राच्या ओबीसी यादीत आपली जात आहे का हे वेगळं तपासावं लागतं, आणि प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यात लागतं. अर्जाची मुदत संपल्यावर लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेचं माध्यम हे तपशील दुरुस्त करायला थोडे दिवस खिडकी उघडते. ते दिवस गेले की चूक मुलाच्या नावावर कायम.

एका घरी अशी फाइल बघायला मिळाली. मुलगी यादीत होती, पडताळणीची तयारी चालली होती. जमखान्यावर कागदांच्या रांगा लावलेल्या: जन्माचा दाखला, रहिवासी दाखला, तिसरी-चौथी-पाचवीचा शाळेचा दाखला, ग्रामीण भागात शिकल्याचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, आधार. जन्मदाखल्यात आईचं नाव एक आणि आधारवर दुसरं. माहेरचं आणि सासरचं. आजोबा कपाळाला हात लावून बसलेले. मुलीची आई मात्र शांतपणे म्हणाली, “आण्णा, तुमी नका काळजी करू. मी सकाळी तहसीलला जाते न् दुरुस्त करूनच येते.” घरात सगळ्यांत कमी शिकलेली तीच, आणि सगळ्यांत जास्त कचेऱ्या पायाखाली घातलेलीही तीच.

दुसरी खरी आशा प्रतीक्षा यादीची. कुणाची कागदपत्रं फेटाळली जातात. कुणी सैनिक स्कूलला लागलं म्हणून नवोदय सोडतं. कुणी पहिल्या आठवड्यात रडून घरी येतं आणि परत जात नाही. त्या जागा पुढच्या मुलांना मिळतात. इथं पालकांच्या हातात असतं ते एवढंच: अर्जात दिलेला मोबाइल नंबर चालू ठेवणं, कागदपत्रं पूर्ण ठेवणं आणि विद्यालयाच्या सूचनांवर लक्ष ठेवणं. सिमकार्ड बदललं म्हणून बोलावणं चुकावं, ह्यासारखं दुर्दैव नाही.

दहा रुपयांचा अर्ज

नियमाची चूक नाही, प्रतीक्षा यादीतही नाव नाही, आणि तरी मन मानत नाही. मग माहितीचा अधिकार. नवोदय विद्यालय समिती ही केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालची स्वायत्त संस्था, त्यामुळे २००५ चा कायदा तिला लागू आहे. दहा रुपये फी, घरबसल्या ऑनलाइनही अर्ज करता येतो. उत्तराला मुदत ३० दिवसांची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं.

सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा, तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. हा हक्क उत्तरपत्रिका जपून ठेवण्याच्या मुदतीतच वापरता येतो, म्हणून अर्ज निकालानंतर लगेच करावा. पण त्याच निकालात हेही आहे की उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क म्हणजे फेरतपासणीचा हक्क नव्हे. २०१८ साली संघ लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात न्यायालयानं पारदर्शकतेला परीक्षेच्या गोपनीयतेची मर्यादाही घातली. त्यामुळे मागितलेलं सगळं हातात पडेलच असं समजू नये.

मागायचं काय, ह्यातही शहाणपण लागतं. ‘माझ्या मुलाची निवड का झाली नाही’ असा प्रश्न विचारला तर काही हाती लागत नाही, कारण कायदा असलेली माहिती देतो, कारणमीमांसा नव्हे. त्याऐवजी मुलाच्या ओएमआरची प्रत, मिळालेले गुण, त्याची नोंद कुठल्या प्रवर्गात आणि ग्रामीण की शहरी धरली, आणि त्या गटात शेवटच्या निवड झालेल्या मुलाचे गुण किती, एवढं मागावं. नोंदीत चूक दिसली तर पुढची पायरी आहे. नाही दिसली तर प्रकरण तिथं मिटवता येतं. दहा रुपयांत घरातला संशय मिटणं, हा त्या अर्जाचा सगळ्यांत मोठा उपयोग आहे.

कोल्हापूरचं बेंच

ऑगस्ट २०२५ पर्यंत ‘हायकोर्टात जाऊ’ म्हणजे मुंबईची एसटी. त्या महिन्याच्या १८ तारखेपासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची कामं तिथं आली. पलूसहून सकाळी निघून संध्याकाळी परत. त्यामुळे आता पालकांच्या तोंडी कोर्टाचं नाव अधिक सहज येतं.

पण रस्ता जवळ आला म्हणून कायदा सोपा झाला नाही. ह्या विषयावरचा एक मोठा निकाल महाराष्ट्रातूनच गेलेला आहे. बारावीच्या विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि पुनर्मूल्यांकनाचा हक्क मागितला, मुंबई उच्च न्यायालयात ते जिंकले, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्य मंडळाच्या बाजूनं निकाल दिला: पुनर्मूल्यांकन नाकारणारा नियम वैध. त्याआधी १९८३ मध्ये कानपूर विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत मुलं जिंकली होती, पण का? छापील उत्तरसूचीच उघड-उघड चुकीची होती, आणि ते प्रमाणित पुस्तकांवरून दाखवता आलं. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं तर असं म्हटलं की शंका असेल तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यावा, आणि सहानुभूतीवर उत्तरपत्रिका तपासायला लावू नये.

म्हणजे ‘एका गुणानं गेलं’ हे कोर्टात टिकत नाही. ‘ग्रामीण शाळेचा दाखला असूनही शहरी धरलं’ हे टिकू शकतं. एक कळवळ्याचं, दुसरं कागदाचं. आणि कागदाचं असलं तरी घड्याळ बघावं लागतं. मार्चच्या अखेरीला निकाल, मग माहिती अधिकाराचे दोन महिने, मग याचिका. जून उजाडतो, सहावीचा वर्ग भरतो. तोवर मूल दुसऱ्या शाळेत बसलं पाहिजे. अपिलाच्या भरवशावर त्याचा दाखला घरात ठेवणारे पालक मी पाहिले. तो सगळ्यांत महाग पडणारा निर्णय असतो.

गंमत म्हणजे ज्या राज्य मंडळानं तो खटला १९८४ ला जिंकला, तेच मंडळ आज बारावीच्या मुलांना उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतं आणि पुनर्मूल्यांकनही करतं. कायद्यानं नाही म्हणता येत असलं, तरी ‘हो’ म्हणण्यात काही बिघडत नाही, हे मंडळानं अनुभवानं ओळखलं.

घरात बोललेलं

ह्या सगळ्या धावपळीत ज्याचा निकाल, ते पोर कुठं असतं? बहुतेक वेळा सोप्यात, पुस्तक उघडं टाकून, आतलं बोलणं ऐकत. बाप म्हणतो, अकॅडमीला एवढे पैसे घातले. आई म्हणते, एकच गोळा चुकला असंल. आजी म्हणते, नशिबातच नव्हतं. काका म्हणतो, कोर्टात खेचू. दहा वर्षांच्या मुलाला ह्यातलं एवढंच कळतं की आपल्यामुळे घरात काहीतरी मोठं बिनसलं आहे. महिनाभर अपिलाची चर्चा चालली, तर तो महिनाभर रोज नापास होतो.

एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक ह्यावर रोखठोक बोलले. त्यांच्या हाताखालून नवोदयला गेलेली मुलं बरीच, आणि न गेलेली त्याहून कितीतरी जास्त. ते म्हणाले, “पोराला एकदा समोर बसवून सांगायचं, बाळा, जागा ऐंशीच होत्या. आमी कागद बघतोय, ते आमचं काम. तू खेळायला जा.” त्यांच्या मते अपील करायचं की नाही ह्यापेक्षा ते मुलाच्या कानावर किती पडू द्यायचं, हा निर्णय मोठा.

पुढची वाटही ते सांगतात. नवोदयला नववीत रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते. इंग्रजी, हिंदी, गणित, विज्ञान, १०० गुण. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं आणि मूल निवडलं गेलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही शिष्यवृत्ती सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी असते. नवोदयच्या मुलांना ती मिळत नाही.

आणि हा मुलूख तर निवड न करणाऱ्या शाळांवर वाढलेला. एकेकाळी किर्लोस्करांचे नांगर विकत फिरलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढं साताऱ्याला सगळ्या जातींच्या पोरांचं वसतिगृह चालवलं. तिथं प्रवेशाला आरशातली प्रतिमा विचारत नव्हते. आजही पलूस तालुक्यातली बहुसंख्य मुलं साध्या हायस्कुलातच शिकतात आणि त्यांतली कितीतरी पुढं जातात. नवोदय चांगली शाळा आहे, ह्यात वाद नाही. पण ती एकमेव शाळा आहे, ही समजूत निकालाच्या दिवशी मुलाला फार जड जाते.

माझं मत

पुढच्या परीक्षेला ज्यांची मुलं बसणार आहेत त्यांनी अर्जाची प्रत आजच काढून बघावी: ग्रामीण-शहरी, प्रवर्ग, माध्यम, मोबाइल नंबर. दाखल्यांवरची नावं जुळतात का ते पाहावं. अपिलाची निम्मी तयारी परीक्षेच्या आधी होते, आणि ती झाली की अपिलाची वेळ बहुधा येत नाही. निकालानंतर चूक नियमाची असेल तर लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी, गरज पडली तर कोल्हापूरही गाठावं; तो मुलाचा हक्क आहे. चूक गुणांची वाटत असेल तर दहा रुपयांचा अर्ज करून उत्तरपत्रिका पाहावी आणि थांबावं. मध्यस्थाला पैसा देऊ नये. आणि जूनमध्ये मूल कुठल्या ना कुठल्या वर्गात बसलेलं असावं.

नवोदय विद्यालय समितीकडे मागणी एकच आहे. शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलाला गुणपडताळणी मिळते, सैनिक स्कूलला बसणाऱ्याला स्वतःच्या उत्तरपत्रिकेची प्रतिमा मिळते. तेच मूल नवोदयला बसतं तेव्हा त्याला ह्या दोन्ही गोष्टी नियमानं, फुकट आणि निकालाबरोबर मिळाव्यात. गोळे यंत्रच वाचतं, फेरमोजणीला तर काही मिनिटं लागतात. दहा वर्षांच्या मुलाला अंतिम निकाल सांगायचा असेल, तर तो कसा लागला हे दाखवण्याची जबाबदारी मोठ्यांची आहे.